सज्ञानतेचे वय आणि मुलीचा हक्क

२२ सप्टेंबर २०२५ रोजी म्हैसूरच्या चामुंडी टेकडीवर त्या वर्षीच्या दसरा महोत्सवाचे उद्घाटन कन्नड लेखिका बानू मुश्ताक यांच्या हस्ते झाले. एका मुस्लिम स्त्रीने हा मान घेऊ नये, यासाठी एका माजी खासदारासह काही जणांनी आधी कर्नाटक उच्च न्यायालयाचे आणि मग सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले होते. दोन्ही न्यायालयांनी त्यांना परत पाठवले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळवणाऱ्या या लेखिकेने पेशाने वकिली केली आणि दक्षिण कर्नाटकातील मुस्लिम घरांच्या चार भिंतींआड स्त्रीच्या वाट्याला काय येते, हे आयुष्यभर लिहिले. तिच्या उद्घाटनाला आडवे येणारे आणि ‘मुस्लिम भगिनींच्या दुःखाने’ व्याकूळ झाल्याची भाषा बोलणारे हे एकाच गोटातील लोक आहेत, याची नोंद देशातील श्रमजीवी जनतेने घेतली पाहिजे.

तथापि प्रतिगाम्यांचे ढोंग उघडे पाडल्याने प्रश्न सुटत नाही. ज्या मुलींच्या जीवनाबद्दल या लेखिकेने लिहिले, त्यांच्यापुढे एक प्रश्न आजही खडा आहे: मुलगी सज्ञान केव्हा होते आणि ते कोणी ठरवायचे? या प्रश्नाला दोन तयार उत्तरे बाजारात आहेत. एक उत्तर असे की, शरियतने पंधरा वर्षे हे वय ठरवून दिले आहे, ते ईश्वरी आहे आणि म्हणून अपरिवर्तनीय आहे. दुसरे असे की, मुलीला लहान वयात विवाहात ढकलणे ही इस्लामचीच खासियत आहे आणि त्यावर पोलिसी बडगा हाच एक उपाय आहे. दोन्ही उत्तरे इतिहासाला धरून नाहीत. दोहोंची तपासणी करणे अगत्याचे आहे, कारण दोहोंचा भार अखेर त्या मुलीच्याच खांद्यावर पडतो.

प्रथम इस्लामी कायदा काय सांगतो ते पाहू. त्यात प्रौढत्वाच्या एक नव्हे, दोन पायऱ्या आहेत. पहिली ‘बुलूग’, म्हणजे शरीराने वयात येणे. ‘बालिग’ हा आपल्याही बोलण्यात रुळलेला शब्द त्यातूनच आला. दुसरी ‘रुश्द’, म्हणजे विवेक, बरेवाईट ओळखण्याची आणि व्यवहार सांभाळण्याची पात्रता. कुराणाच्या चौथ्या अध्यायातील सहाव्या वचनात अनाथ मुलांच्या मालमत्तेविषयी पालकांना आदेश आहे. त्याचा आशय असा की, मुले विवाहाच्या वयाला पोचेपर्यंत त्यांची पारख करीत राहा आणि त्यांच्यात विवेक आढळला म्हणजे त्यांची मालमत्ता त्यांच्या स्वाधीन करा. येथे केवळ शरीराची वाढ पुरेशी मानलेली नाही. हनफी पंथाचे आद्य आचार्य इमाम अबू हनीफा (मृत्यू इ. स. ७६७) यांनी तर वयात आलेल्या पण विवेक न आलेल्या व्यक्तीची मालमत्ता पंचविसाव्या वर्षापर्यंत तिच्या हाती देऊ नये, असे मत दिले. घरदार आणि पैसाअडका यांच्या बाबतीत एवढी दक्षता बाळगणारा हा विचार आहे. विवाहाच्या बाबतीत मात्र व्यवहारात केवळ शरीराची खूण पुरेशी ठरवली गेली, हा त्याच्या इतिहासातील विरोधाभास आहे.

आता वर्षांचा आकडा. शरीराची खूण दिसली की बुलूग झाला, याबाबत आचार्यांत मतभेद नव्हता. खूण दिसली नाही तर काय, येथे मात्र मतभेद झाला. अबू हनीफा यांनी मुलासाठी अठरा आणि मुलीसाठी सतरा वर्षे सांगितली. त्यांचेच शिष्य अबू यूसुफ आणि मुहंमद अश्-शैबानी यांनी दोघांसाठी पंधरा सांगितली. शाफई आणि हंबली पंथांनी पंधरा स्वीकारली, तर मालिकी पंथात अठरा वर्षांचे मत प्रबळ राहिले. म्हणजे ज्या पंधराच्या आकड्याला आज ईश्वरी म्हटले जाते, तो खुद्द अबू हनीफा यांना मान्य नव्हता. हनफी परंपरेने पुढे गुरूचे मत बाजूला ठेवून शिष्यांचे स्वीकारले, हा मानवी निर्णय होता.

पंधराचा आकडा कोठून आला, हे अधिक बोलके आहे. इब्ने उमर यांच्या नावे सांगितलेल्या हदीसनुसार उहुदच्या लढाईच्या वेळी ते चौदा वर्षांचे होते, म्हणून त्यांना सैन्यात घेतले गेले नाही. खंदकाच्या लढाईच्या वेळी ते पंधरा वर्षांचे होते आणि त्यांना घेतले गेले. पुढे उमय्या खलिफा उमर बिन अब्दुल अझीझ यांनी हा वृत्तान्त ऐकून हीच लहान आणि मोठे यांच्यातील सीमा मानली आणि पंधरा वर्षांच्या मुलांना सैनिकांचे वेतन लावण्याविषयी आपल्या अधिकाऱ्यांना लिहिले. म्हणजे हा आकडा सैन्याच्या आणि खजिन्याच्या नोंदवहीतून आला. सातव्या-आठव्या शतकातील राज्याला किती हात शस्त्र धरू शकतील, हे मोजायचे होते. त्या मोजणीचे माप विसाव्या आणि एकविसाव्या शतकातील मुलीच्या संमतीला लावणे याला धर्मनिष्ठा म्हणता येत नाही.

आणखी एक मुद्दा बहुधा दडवला जातो. जुन्या फिकहमध्ये बुलूग हे विवाहाचे किमान वय नव्हतेच. बुलूगपूर्वीही ‘वली’ म्हणजे पालक मुलामुलींचा निकाह लावू शकत असे. ही गोष्ट झाकून ठेवण्याचे काही कारण नाही. बुलूग ही पालकाची सत्ता संपण्याची सीमा होती. हनफी कायद्यानुसार बालिग स्त्रीचा निकाह तिच्या संमतीवाचून होत नाही, इतकेच नव्हे तर ती वलीवाचूनही स्वतःचा निकाह करू शकते. कोकणातील मुस्लिम समाज ज्या शाफई पंथाचा अनुयायी आहे, त्यात वलीची आवश्यकता कायम राहिली. म्हैसूरकडील दखनी मुस्लिम मुख्यतः हनफी आहेत. त्यांच्या कायद्यात ‘खियार-उल-बुलूग’ असा हक्कही आहे: वडील किंवा आजोबा यांच्याखेरीज दुसऱ्या कोणी लहानपणी लावून दिलेला विवाह वयात आल्यावर मुलीला नाकारता येतो. म्हणून ‘ती आता पंधराची झाली, आता आम्ही तिचे लग्न लावू शकतो’ असे जेव्हा एखादा बाप किंवा जमातीचा पुढारी म्हणतो, तेव्हा तो आपल्याच परंपरेचा अर्थ उलटा करीत असतो. जेथे त्याचा अधिकार संपायला हवा, तेथून तो आपला परवाना सुरू करतो.

शरीर आणि विवेक यांची ही गल्लत केवळ मुस्लिम समाजाची मक्तेदारी नाही. मराठी खेड्यांत मुलीला पहिल्यांदा विटाळ आला की ‘ती शहाणी झाली’ असे म्हणतात. शहाणपण आले असे जाहीर करून त्याच दिवसापासून तिला उंबऱ्याच्या आत बसवले जाते. दुसऱ्या बाजूला जमिनीच्या सातबारावर लहान मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अशी नोंद काळजीपूर्वक होते आणि अठरा वर्षे पुरी होईपर्यंत ती निघत नाही. वारसाच्या जमिनीला जे संरक्षण मिळते ते मुलीच्या देहाला मिळत नाही. मालमत्तेवर उभ्या असलेल्या समाजाची ही नीती कोणत्याही एका धर्मग्रंथातून आलेली नाही.

याचा पुरावा खुद्द म्हैसूरच्या इतिहासात आहे. १८९४ साली म्हैसूर संस्थानाने बालविवाह प्रतिबंधक नियम केला. दिवाण के. शेषाद्री अय्यर यांच्या कारभारात झालेला हा नियम भारतातील या प्रकारच्या पहिल्या कायद्यांपैकी एक होता आणि त्या काळी तो पुरोगामी गणला गेला. त्यात ठरवलेले वय किती होते? आठ वर्षांखालील मुलीच्या विवाहाला त्याने बंदी घातली, आणि पन्नाशी उलटलेल्या पुरुषाने चौदा वर्षांखालील मुलीशी विवाह करू नये, असे ठरवले. धर्मशास्त्राने आठ वर्षांच्या मुलीला ‘गौरी’, नऊ वर्षांच्या मुलीला ‘रोहिणी’ आणि दहा वर्षांच्या मुलीला ‘कन्या’ म्हटले आहे. सुधारकी सरकारचा आकडा जेमतेम गौरीच्या वयापाशी जाऊन थांबला. एवढ्या तोकड्या कायद्यालाही सनातन्यांचा विरोध झालाच.

तीन वर्षांपूर्वीच, १८९१ मध्ये, ब्रिटिश हिंदुस्थानात संमतिवयाचा कायदा झाला होता. त्याने संमतीचे वय दहावरून बारा केले. कलकत्त्यात फुलमणी ही बालिका पतीच्या अत्याचाराने मरण पावल्यानंतर तो झाला, आणि महाराष्ट्रात लोकमान्य टिळकांसारख्या राष्ट्रीय पुढाऱ्याने परकीय सरकारने धर्मात हात घालू नये म्हणून त्याला विरोध केला. अकराव्या वर्षी लावून दिलेला विवाह नाकारणाऱ्या रखमाबाईंना १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पतीच्या घरी जा, नाहीतर तुरुंगात जा असे सुनावले होते, आणि त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली होती. आज मुस्लिम धर्मपुढाऱ्यांच्या तोंडी जो युक्तिवाद ऐकू येतो, तो शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हिंदू धर्मपुढाऱ्यांच्या तोंडी जसाच्या तसा होता. धर्म भिन्न असले तरी घरातील सत्ता टिकवण्याची भाषा सारखीच असते.

मग मुस्लिम कायद्यातील आकडा इतका घट्ट कसा झाला? याचे उत्तर बऱ्याच अंशी वसाहतवादी राज्यकर्त्यांच्या कारभारात आहे. काजी एकेका प्रकरणात परिस्थिती पाहून निर्णय देत असे. इंग्रजी न्यायालयांना मात्र एक पुस्तक हवे होते. बाराव्या शतकातील ‘हिदाया’ या ग्रंथाचे चार्ल्स हॅमिल्टनने १७९१ मध्ये इंग्रजी भाषांतर केले, तेही फारसी भाषांतरावरून. त्यावर निवाडे रचले गेले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या दिनशा फरदुनजी मुल्ला यांच्या पाठ्यपुस्तकात ‘पुरावा नसल्यास पंधराव्या वर्षी बुलूग झाला असे गृहीत धरावे’ हा नियम एका ओळीत बसला. मधल्या काळात १८७५ च्या सज्ञानता कायद्याने अठरा वर्षे हे वय सर्वांसाठी ठरवले, पण विवाह, मेहर, घटस्फोट आणि दत्तक हे विषय त्यातून वगळले. जमीन विकायची, कर्ज काढायचे, करार करायचा तर अठरा. विवाह करायचा तर धर्म सांगेल ते. व्यापाराला आवश्यक तेवढे राज्यकर्त्यांनी स्वतःच्या हाती घेतले आणि स्त्रीला धर्ममार्तंडांच्या हवाली केले. १९३७ च्या शरियत कायद्याने ही व्यवस्था अधिक पक्की झाली.

याउलट, जेथे मुस्लिम समाजाने स्वतः हात घातला तेथे हा आकडा हलला. १९१७ च्या उस्मानी कुटुंब कायद्याने विवाहाचे वय मुलासाठी अठरा आणि मुलीसाठी सतरा ठरवले, त्याखालील विवाहाला न्यायाधीशाची परवानगी आवश्यक केली आणि बारा वर्षांखालील मुलाचा व नऊ वर्षांखालील मुलीचा विवाह कोणत्याही पालकाला लावता येणार नाही असे म्हटले. यासाठी इब्ने शुब्रुमा आणि अबू बक्र अल्-असम या जुन्या आचार्यांच्या अल्पमताचा आधार घेण्यात आला. इजिप्तने १९२३ मध्ये मुलीसाठी सोळा आणि मुलासाठी अठरा वर्षांची मर्यादा आणली. पाकिस्तानने १९६१ मध्ये मुलीचे वय सोळा केले, सिंध प्रांताने २०१३ मध्ये अठरा केले, आणि विवाहाचे किमान वय कायद्याने ठरवणे इस्लामविरोधी नाही असा निर्णय २०२१ मध्ये तेथील फेडरल शरियत न्यायालयानेच दिला. जे शरियत न्यायालयाला मान्य आहे ते आपल्याकडील काही मंडळींना मान्य नसावे, हे आश्चर्य आहे.

इराकचे उदाहरण कम्युनिस्ट वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावे. १९५८ च्या क्रांतीनंतर तेथे नझीहा अद्-दुलैमी या कम्युनिस्ट डॉक्टर स्त्रीने मंत्रिपद स्वीकारले. अरब जगातील त्या पहिल्या स्त्री मंत्री होत्या. १९५९ च्या व्यक्तिगत कायद्याच्या घडणीत त्यांच्या स्त्री संघटनेचा मोठा वाटा होता. त्या कायद्याने सुन्नी आणि शिया या दोन्ही पंथांसाठी एकच संहिता केली आणि विवाहाचे वय सर्वसाधारणपणे अठरा ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये इराकी संसदेने या कायद्यात दुरुस्ती करून पंथनिहाय संहितेचा मार्ग पुन्हा उघडला. सुरुवातीच्या मसुद्यामुळे नऊ वर्षांच्या मुलींच्या विवाहाला वाट मिळेल, या भीतीने तेथील स्त्रिया रस्त्यावर उतरल्या होत्या. जिंकलेला हक्क संघटना दुबळी झाली की परत हिरावला जातो, हा धडा बगदादपुरता मर्यादित नाही.

आपल्या देशातही हाच अनुभव आहे. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीसाठी चौदा आणि मुलासाठी अठरा वर्षे ही मर्यादा सर्व धर्मीयांना लावली. त्याला मौलाना मुहंमद अली यांच्यासारख्यांचा कडवा विरोध होता, तर मुहंमद अली जीना यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात त्याचा पाठपुरावा केला. म्हणजे मुस्लिम समाज तेव्हाही एकमुखी नव्हता. दहा वर्षांनी, १९३९ मध्ये, मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. हनफी कायद्यात स्त्रीला विवाहातून सुटका मिळणे जवळजवळ अशक्य आहे हे पाहून मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी पंथाच्या मतांचा आधार घेण्यास मान्यता दिली होती, आणि त्या विचाराची या कायद्यामागे मोठी प्रेरणा होती. त्याच कायद्याने खियार-उल-बुलूग हा हक्क विस्तारला. पंधरा वर्षांपूर्वी वडिलांनी लावून दिलेला विवाहदेखील, पतिपत्नी संबंध आला नसल्यास, अठरा वर्षे पुरी होण्याआधी नाकारण्याची मुभा मुलीला मिळाली. १९७६ मध्ये हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा बालपणी लग्न लावून दिलेल्या हिंदू मुलीलाही असाच हक्क देण्यात आला. मुस्लिम कायदा म्हणजे केवळ मागासलेपण असे ज्यांना वाटते त्यांनी या गोष्टीचा विचार करावा: बालपणीचा विवाह नाकारण्याची जी वाट हिंदू मुलीला १९७६ मध्ये मिळाली, ती मुस्लिम कायद्यात शतकानुशतके होती.

आता कर्नाटकातील आजच्या स्थितीकडे वळू. देशाचा २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा मुलीसाठी अठरा आणि मुलासाठी एकवीस हे वय ठरवतो, पण त्याखालील विवाह आपोआप शून्य मानीत नाही. अज्ञान पक्षाने मागणी केली तर तो रद्द होतो. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हा कायदा मुस्लिमांनाही लागू असल्याचे सांगितले. न्यायमूर्ती शिवराज पाटील समितीच्या अहवालानंतर राज्याने दुरुस्ती केली आणि २०१७ पासून कर्नाटकात बालविवाह मुळापासूनच शून्य ठरू लागला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील पत्नीशी संबंध हा बलात्कारच आहे असा निर्णय देताना या दुरुस्तीची प्रशंसा केली. २०२२ मध्ये मुस्लिम कायद्यानुसार पंधराव्या वर्षी विवाह वैध आहे, हा बचाव उच्च न्यायालयाने फेटाळला आणि बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा कायदा व्यक्तिगत कायद्यावर वरचढ आहे असे म्हटले.

ही दिशा योग्यच आहे. परंतु कायद्याच्या अक्षरावर समाधान मानणे परवडणारे नाही. २००६ च्या कायद्यातील पोटगी, निवारा आणि अपत्याचे औरसत्व यांची कलमे न्यायालयाने विवाह रद्द करण्याच्या हुकुमाशी बांधलेली आहेत. जो विवाह मुळातच शून्य, त्याला रद्द करण्याचा हुकूम लागत नाही. मग सोळाव्या वर्षी मूल कडेवर घेऊन माहेरी परतलेल्या मुलीने मेहर कोणाकडे मागावी, पोटगी कशाच्या आधारावर मागावी? तिच्या मुलाचे नाव काय लागेल? कायद्याने विवाह पुसला, पण तिच्या आयुष्यातील तीन वर्षे पुसली जात नाहीत. शून्य विवाहातील मुलीचा आणि तिच्या अपत्याचा प्रत्येक हक्क दुरुस्तीने स्पष्टपणे राखला गेला पाहिजे. ही मागणी स्त्री चळवळीने लावून धरली पाहिजे.

आणखी एका गुंतागुंतीकडे डोळेझाक करून चालणार नाही. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आणि २०२२ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने पंधरा वर्षांच्या नियमाचा आधार घेतला, तेव्हा तेथे मुलगी स्वतःच्या पसंतीने घराबाहेर पडली होती आणि तिला संरक्षण हवे होते ते आपल्याच नातलगांपासून. हरियाणाच्या प्रकरणावरील बालहक्क आयोगाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये फेटाळली, आणि व्यक्तिगत कायदा श्रेष्ठ की बालविवाह प्रतिबंधक कायदा, हा मूळ प्रश्न ऑक्टोबर २०२४ च्या निकालाप्रमाणे खुलाच राहिला. जेथे जातीबाहेर किंवा घरच्यांच्या इच्छेविरुद्ध प्रेम करणे हाच गुन्हा ठरतो, तेथे जुना नियमही पळणाऱ्या मुलीला आडोसा वाटतो. यावर उपाय पंधराचे वय टिकवणे हा नव्हे. अठरा वर्षांपर्यंत मुलीला बापाच्या मारापासून आणि सक्तीच्या सोयरिकीपासून राज्याने संरक्षण द्यावे आणि अठरानंतर तिच्या निवडीत कोणी पाय घालू नये, हा खरा उपाय आहे.

याविरुद्ध राज्यकर्त्यांनी काय केले? आसाममध्ये फेब्रुवारी २०२३ पासून हजारो पुरुषांना जुन्या विवाहांबद्दल तुरुंगात घालण्यात आले. मागे राहिल्या त्या गर्भवती आणि लेकुरवाळ्या मुली, कमावता हात गमावलेल्या. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये मुलीचे वय एकवीस करण्याचे विधेयक आणले आणि २०२४ मध्ये लोकसभेच्या विसर्जनाबरोबर ते मेले. अठराव्या वर्षी जी मुलगी सरकार निवडू शकते तिला जोडीदार निवडता येऊ नये, हा त्यामागचा विचार होता. आणि ज्या कर्नाटकात मुस्लिम मुलींच्या विवाहवयाची चिंता वाहिली जाते, तेथेच फेब्रुवारी २०२२ मध्ये हिजाबचे निमित्त करून त्यांना वर्गाबाहेर उभे केले गेले. शाळेतून बाहेर काढलेली मुलगी कोठे जाते, हे सांगण्यास शास्त्रज्ञ नको.

कारण विवाहाचे वय खऱ्या अर्थाने ठरते ते शाळेत, घरच्या चुलीपाशी आणि मजुरीच्या हिशोबात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठरापूर्वी विवाह झालेल्यांचे प्रमाण देशात २३.३ टक्के होते. कर्नाटकात सुमारे २१ आणि महाराष्ट्रात सुमारे २२. पुढारलेल्या महाराष्ट्रात परभणी आणि बीड जिल्ह्यांत ते ४० टक्क्यांहून अधिक होते. तेथे कोणती शरियत लागू आहे? तेथे ऊसतोडीचा ‘कोयता’ लागू आहे. मुकादम उचल देतो ती नवराबायकोच्या जोडीला. म्हणून मुलगा कोयत्याला लागला की त्याला बायको हवी, आणि आईबाप सहा महिने फडावर जाताना वयात आलेली मुलगी मागे ठेवायची कोणाच्या भरवशावर, म्हणून तिला नवरा हवा. म्हैसूरच्या मोहल्ल्यांत घरोघरी अगरबत्ती वळणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या स्त्रियांची मजुरी हजाराच्या हिशोबाने मिळते. हजार भरायला मुलीचे हात लागतात, हात लागले की शाळा सुटते, आणि शाळा सुटलेल्या मुलीच्या सोयरिकीची घाई होते. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांना ही साखळी समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणून पक्षसभासदांपुढील कार्य स्पष्ट आहे. अठरा वर्षे ही सर्व धर्मांच्या मुलींसाठी एकच सीमा असली पाहिजे आणि याबाबत मतपेढीच्या भीतीने कचरण्याचे कारण नाही. परंतु ही मागणी मुस्लिम वस्तीवर बाहेरून फेकायचा दगड होता कामा नये. १९६६ मध्ये हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला आणि १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली, तेव्हा ते एकाकी होते. आज वस्तीवस्तीत शिकलेल्या मुली आहेत. त्यांच्याशी आणि त्यांच्या आयांशी बोलताना अबू हनीफा यांचे अठरा आणि सतरा, कुराणातील विवेकाची अट आणि १९३९ चा कायदा हे सारे आपल्याला माहीत असले पाहिजे. जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला पाहिल्याशिवाय निकाह पढणार नाही, असा निर्धार काजींकडून आणि जमात समित्यांकडून मिळवला पाहिजे. भटजींकडून आणि सामुदायिक विवाह भरवणाऱ्या पुढाऱ्यांकडूनही तोच निर्धार मिळवला पाहिजे. कर्नाटकात जून २०२३ पासून स्त्रियांना सरकारी बसमधून मोफत प्रवास मिळतो. त्या बसने जाण्यासाठी जवळपास बारावीपर्यंतची शाळा आणि वसतिगृह हवे. अगरबत्ती आणि विडी कामगारांच्या संघटनांनी मजुरीच्या मागणीपत्रात मुलींच्या शिष्यवृत्तीचे कलम लढाऊपणे घातले पाहिजे.

शरीर वयात येते ते निसर्गाने. विवेक मात्र आपोआप येत नाही. त्याला शाळा लागते, पोटभर अन्न लागते, मैत्रिणी लागतात, आणि ‘नाही’ म्हटल्यावर मार न खाण्याची हमी लागते. इस्लामी कायद्याने ज्याला रुश्द म्हटले आणि मराठीने ज्याला सज्ञानता म्हटले, ती प्रत्येक मुलीला लाभेल अशी परिस्थिती निर्माण करणे हे काजीचे किंवा पोलिसाचे एकट्याचे काम नाही. ते जनवादी चळवळीचे काम आहे, आणि ते पुढच्या लग्नसराईच्या आधी सुरू झाले पाहिजे.